अख्खी कोंबडी, फळं आणि कांदे: ओव्हनमध्ये कोणी कधी जायचं

प्रश्न थोडक्यात असा: दीड किलोची अख्खी कोंबडी घेतली, पोटात सफरचंदाच्या फोडी आणि कांदा ठासून भरला, भोवती द्राक्षं, मनुका आणि आणखी कांदा पसरला, वरून संत्र्याचा रस ओतला आणि ट्रे १८० अंश सेल्सिअसवर दीड तास ओव्हनमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर कातडी फिकट आणि वातड, छातीचं मांस कोरडं, मांडीच्या हाडापाशी मात्र गुलाबी. सफरचंदाचा लगदा झालेला आणि मनुकांचा कोळसा. तर फळं घालणंच चुकलं का, की आच कमी करून आणखी वेळ द्यायला हवा होता?

फळं घालणं अजिबात चुकलेलं नाही. फळं-कांद्यांबरोबर भाजलेली कोंबडी हा ओव्हनमधला माझा सगळ्यात आवडता पदार्थ आहे, कारण मांस, तोंडीलावणं आणि सॉस तिन्ही एकाच ट्रेमध्ये तयार होतात. आच कमी करायचीही गरज नाही, उलट सुरुवातीला वाढवायची आहे. बिघडलं ते सगळं एकदम आत गेल्यामुळे. कोंबडीला एक वेळ लागतो, कांद्याला एक, सफरचंदाला त्याहून कमी, द्राक्षांना अगदी थोडा आणि मनुकांना तर जवळजवळ नाहीच. ज्याला त्याला आपापल्या वेळेला आत सोडलं की तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक तिथेच मिटतात.

याच्या मुळाशी पाणी आहे. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, द्राक्षांत ८० टक्क्यांच्या वर, कांद्यात तर ८९ टक्क्यांच्या आसपास. तीन कांदे, दोन सफरचंदं आणि पाव किलो द्राक्षं घेतली तर किलोभर ऐवज होतो आणि त्यातलं आठशे ग्रॅमहून जास्त निव्वळ पाणी असतं. ते तापायला लागलं की फळांतून सुटतं, ट्रेमध्ये साचतं आणि वाफ होऊन कोंबडीभोवती राहतं. कातडी ओली असेपर्यंत तिचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. मांसाला आणि कातडीला जो खरपूस तपकिरी रंग येतो त्यासाठी पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या आसपास पोचावा लागतो. तुमची कोंबडी त्या दीड तासातला बराचसा वेळ भाजली गेलीच नाही, वाफवली गेली. त्यात वरून संत्र्याचा रस, म्हणजे आणखी पाणी.

म्हणून तयारी कोरडेपणापासून सुरू करू.

कोंबडी गोठवलेली असेल तर ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटू द्या. दीड किलोला एक पूर्ण दिवस धरा. बाहेरून मऊ लागली तरी पोटाच्या पोकळीत हात घालून बघा. आत बर्फाचा खडा लागला तर ती अजून तयार नाही. छाती होऊन जाते आणि मांडीचा सांधा कच्चा राहतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. पोकळीत काळीज-मान वगैरेची पिशवी ठेवलेली असू शकते, ती काढा. कोंबडी नळाखाली धुऊ नका. धुण्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ते सिंकभर आणि ओट्यावर पसरतात. कागदी नॅपकिनने आतून-बाहेरून टिपून घ्या आणि ते नॅपकिन लगेच टाकून द्या.

आता मीठ. सगळ्या कृतीतली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा. वजनाच्या एक टक्क्याहून थोडं जास्त, म्हणजे दीड किलोला १५ ते १८ ग्रॅम बारीक मीठ घ्या. सपाट अडीच ते तीन चहाचे चमचे होतात. छातीच्या आणि मांडीच्या जाड भागावर जरा सढळ हाताने, पंखांवर कमी, पोकळीत चिमूटभर. छातीच्या कातडीखाली बोटं सरकवून ती अलगद सुटी करता आली तर थोडं मीठ थेट मांसावरही चोळा. मग झाकण न ठेवता फ्रिजमध्ये रात्रभर, जमलं तर २४ तास. ती सगळ्यात खालच्या कप्प्यात आणि कडा असलेल्या ताटात असू द्या, म्हणजे तिचा रस दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही.

पहिल्या तासाभरात मिठाने पाणी सुटेल आणि कोंबडी ओलीचिंब दिसेल. घाबरू नका, पुसूही नका. ते खारं पाणी हळूहळू परत मांसात शिरतं. मिठामुळे मांसातली प्रथिनं थोडी सैलावतात आणि तापल्यावर आपल्यातलं पाणी जास्त धरून ठेवतात. छाती रसदार राहते ती यामुळे. दुसऱ्या दिवशी कातडीला बोट लावा: चिकट ओलेपणा गेलेला असतो, ती थोडी पारदर्शक आणि ताणलेली दिसते, खालच्या मांसाचा रंग तिच्यातून जाणवतो. अशी दिसली की ती कुरकुरीत होणार हे मी ओव्हन तापायच्या आधीच सांगू शकते.

फळांचा रस या टप्प्यावर लावू नका. कच्च्या अननसाचा, पपईचा, किवीचा किंवा ताज्या अंजिराचा तर मुळीच नको. या फळांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. रात्रभर ठेवलं तर मांसाचा वरचा थर पिठूळ होतो आणि भाजल्यावर तोंडात विचित्र लागतो. तीच फळं भाजताना ट्रेमध्ये घालायला हरकत नाही, कारण उष्णतेने ती एन्झाइम निकामी होतात. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्याचाही त्रास नाही. संत्र्या-लिंबाचा सुगंध हवा असेल तर वरची पिवळी-केशरी साल किसून मऊ लोण्यात मिरी आणि थाइम या सुगंधी पाल्याबरोबर कालवा आणि ते लोणी छातीच्या कातडीखाली सरकवा. सालीत सुगंधी तेल असतं आणि पाणी जवळपास नसतंच. कातडीच्या वरून मात्र लोण्यापेक्षा तेलाचा पातळ हात बरा. लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि त्यातले दुधाचे कण मोठ्या आचेवर लवकर काळे पडतात.

पोकळीत काय भरायचं यावर लोकांचा फार जीव असतो, त्यामुळे थोडं स्पष्टच सांगते. पोकळी हा सुगंधासाठीचा कप्पा आहे, तिथे फळं शिजवायची नसतात. ती ठासून भरली की गरम हवा आत फिरत नाही, मांड्यांना आतून मिळणारी उष्णता तुटते आणि आतल्या थंड गोळ्याला तापवण्यात वेळ जातो. तोवर उघड्यावरची छाती सुकून जाते. तुमची छाती कोरडी आणि मांडी मागे, याचा बराच दोष त्या ठासलेल्या सफरचंदांकडे जातो. अर्धं लिंबू, पाव कांदा, सफरचंदाची एखादी फोड, तमालपत्र, दालचिनीचा छोटा तुकडा एवढं पुरे. आत हात घातला तर अर्धी पोकळी रिकामी लागली पाहिजे.

मी एक करते: लिंबू, कांदा आणि सफरचंद कापलेल्या बाजूने गरम तव्यावर चार-पाच मिनिटं ठेवते आणि रंग धरला की गरमच आत घालते, लगेच कोंबडी ओव्हनमध्ये. आत थंड गोळा राहत नाही आणि सुगंधही सुरुवातीपासून सुटतो. भाजून झाल्यावर आतले तुकडे वाढू नका. त्यांत कच्च्या मांसाचा रस मुरलेला असतो आणि ते स्वतः पुरेसे तापलेत की नाही हे वरून कळत नाही. पाय सुतळीने करकचून बांधूही नका. फोटोत छान दिसतं, पण मांडीचा आतला भाग झाकला जातो आणि तोच आधी व्हायला हवा असतो. पंखांची टोकं मागे खोचली की झालं.

कांद्याकडे वळू. या ट्रेमध्ये कांदा हा फळांपेक्षाही मोठा खेळाडू आहे. सॉसची चव बहुतांशी तोच ठरवतो.

कांदे मध्यम आकाराचे घ्या. सोलताना मुळाकडचं टोक पूर्ण उडवू नका, फक्त मुळांचे तंतू खरवडून काढा. मग मुळातून उभं कापून चार किंवा सहा जाड फोडी करा. प्रत्येक फोडीला मुळाचा तुकडा राहिला की पाकळ्या एकत्र धरून राहतात. पातळ चिरलेला कांदा या आचेवर अर्ध्या तासात काळ्या दोऱ्या होऊन कडवट होतो. छोटे कांदे मिळाले तर नुसते सोलून अख्खेच टाका, ते सर्वांत सुंदर होतात. फोडींना चमचाभर तेल आणि अगदी थोडं मीठ लावून त्या ट्रेच्या मध्यभागी, कोंबडीच्या आकारात, जवळजवळ मांडा आणि त्यांच्यावर कोंबडी बसवा. छाती वर. वेगळी जाळी लागत नाही. काही फोडी बाहेर, कडेला ठेवा.

या दोन जागांवरचे कांदे दोन वेगळे पदार्थ होतात. खालचे कोंबडीच्या चरबीत आणि रसात मुरत जातात, रंग फारसा घेत नाहीत, पण मऊ आणि खारट-गोड होतात. कडेचे उघड्यावर असतात. अर्ध्या तासानंतर त्यांच्या कडा तपकिरी होतात, बाहेरची पाकळी कागदासारखी सुटते आणि आतला गाभा पारदर्शक होतो. कच्च्या कांद्याचा उग्रपणा गंधकाच्या संयुगांमुळे असतो. ती उष्णतेने उडतात किंवा बदलतात, पाणी आटतं आणि मुळात असलेली चार-पाच टक्के साखर दाट होऊन पुढे येते. याला वेळ लागतो, तासभर तरी. म्हणून ट्रेमध्ये कोंबडीबरोबर पहिल्यापासून जाणारा एकटा कांदाच. लाल कांदा वापरलात तर तो शिजताना करडा-निळसर पडू शकतो. शेवटी व्हिनेगरचा किंवा लिंबाचा शिपका दिला की गुलाबी रंग बराचसा परत येतो.

ट्रे जाड बुडाचा आणि कमी उंचीचा हवा, काठ चार-पाच सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. खोल भांड्यात वाफ कोंडते आणि मांड्यांच्या खालची कातडी कधीच भाजली जात नाही. लोखंडी बिडाचं पसरट भांडं असेल तर उत्तम. ट्रे कोंबडीपेक्षा फार मोठाही नको, कारण रिकाम्या जागेवर पडलेला रस करपतो आणि मग सॉस कडू होतो. सुरुवातीला ट्रेमध्ये पाणी, रस, वाइन काहीही ओतू नका. मधेच बुडाचा रस काळा पडताना दिसला तर तेवढ्यापुरता पाव कप स्टॉक (हाडं-कांदे उकळून केलेलं पाणी) कडेने सोडा, कोंबडीवर नाही.

ओव्हन २२० अंशांवर नीट तापवून घ्या. पंखा चालणारा असेल तर २०० पुरे. कोंबडीच्या तंगड्या ओव्हनच्या मागच्या बाजूला करून ठेवा. बहुतेक ओव्हनमध्ये मागची बाजू जास्त तापते आणि मांड्यांना छातीपेक्षा जास्त उष्णता हवीच असते. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. मग १९० करा, पंख्याच्या ओव्हनला १७०. दीड किलोच्या कोंबडीला एकूण साधारण ७० ते ८० मिनिटं लागतात, पण मी ६० मिनिटांपासून तपासायला लागते. चमच्याने रस उचलून कोंबडीवर घालत राहायची सवय असेल तर सोडा. तो रस म्हणजे बहुतेक पाणीच. वाळलेली कातडी तुम्ही परत भिजवता आणि दर वेळी दार उघडून ओव्हनही गार करता.

फळांची पाळी आता येते, आणि इथे घड्याळाकडे खरंच लक्ष ठेवायचं.

सफरचंद आणि नासपती अशी घट्ट फळं साधारण ३५ व्या मिनिटाला घाला. आंबटसर, कडक सफरचंद निवडा. पिठूळ जातीचं सफरचंद कितीही उशिरा घातलं तरी फुटून लगदाच होतं. साल ठेवा, बिया काढा, एका फळाच्या चार किंवा फार तर सहा फोडी. फोड जितकी मोठी, तितकी ती आकार टिकवते. घालण्याआधी ट्रे ओव्हनबाहेर काढा, हळूच एका बाजूला कलता करा आणि कोपऱ्यात जमलेली चरबी चमच्याने एका वाटीत काढून घ्या. कोंबडी बऱ्यापैकी चरबी सोडते. ती सगळी ट्रेमध्ये राहिली तर फळं तळल्यासारखी तेलकट होतात. दोन मोठे चमचे मात्र मागे ठेवा आणि फोडी त्यात घोळवून कापलेली बाजू ट्रेच्या पत्र्याला टेकेल अशा मांडा. दोन फोडींत बोटभर अंतर. खेटून ठेवलेल्या फोडी एकमेकींच्या वाफेत शिजतात, त्यांना रंग येत नाही. थोडी मिरी, थाइमची काडी. साखर घालू नका. सफरचंदात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि तिच्यातला मोठा वाटा फ्रुक्टोजचा. ती इतर साखरांपेक्षा कमी तापमानाला रंग धरते, त्यामुळे वरून घातलेली साखर किंवा मध फक्त करपायचं काम करतात.

आलुबुखार, पीच, ताजी अंजिरं, द्राक्षं ही मऊ फळं शेवटच्या १५-२० मिनिटांत. आलुबुखार अर्धे करून कापलेली बाजू वर ठेवा, म्हणजे रस वाटीत राहिल्यासारखा आतच आटतो. द्राक्षं सुटी पसरण्यापेक्षा छोटे घोस कापून देठासकट ठेवा. काही फुटतात आणि त्यांचा रस कांद्यात उतरतो, काही नुसती सुरकुततात आणि आत गोड-आंबट पाकासारखी होतात. दोन्ही हवीत. बिनबियांची घ्या, भाजलेली बी कडू लागते.

संत्र्याच्या सालीसकट जाड चकत्या तासभर भाजल्या की सालीखालचा पांढरा भाग कडवट होऊन सगळ्या रसात उतरतो. त्यामुळे संत्रं हवंच असेल तर फाकी सोलून अगदी शेवटी सॉसमध्ये घाला. लिंबाचं तसं नाही. अर्धं लिंबू कापलेली बाजू खाली करून शेवटची अर्धा तास ट्रेच्या कडेला ठेवलं तर त्याचा रस गोडसर आणि दाट होतो. वाढताना तोच कोंबडीवर पिळायचा.

आणि मनुका. त्यांचा कोळसा का झाला ते एव्हाना लक्षात आलं असेल. ताज्या फळातलं पाणी संपेपर्यंत ते फळ १०० अंशांच्या आसपास अडून राहतं, पाणीच त्याचं रक्षण करतं. मनुकांत जेमतेम १५ टक्के पाणी असतं. ते काही मिनिटांत उडतं आणि उरते ती नुसती साखर, थेट गरम पत्र्यावर. सुकी फळं, म्हणजे मनुका, जर्दाळू, सुके आलुबुखार, गरम स्टॉकमध्ये किंवा पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. मग एकतर शेवटच्या दहा मिनिटांत कांद्यांच्या मधे, रसात बुडतील अशी घाला, किंवा सरळ सॉसमध्ये. मी सॉसमध्येच घालते. भिजवलेलं पाणीही टाकू नका, तेही सॉसला येतं.

प्रमाणाचं म्हणाल तर दीड किलोच्या कोंबडीला तीन-चार कांदे, दोन सफरचंदं किंवा नासपती आणि एकच मऊ फळ, म्हणजे चार आलुबुखार किंवा २०० ग्रॅम द्राक्षं. चार-पाच फळं एकत्र केली की कुणाचीच चव कळत नाही आणि ट्रेमध्ये गर्दी होते ती वेगळीच. माझी आवडती जोडी नासपती आणि द्राक्षं. सफरचंदाबरोबर सुका आलुबुखार आणि थोडी दालचिनी फार छान जमते.

कोंबडी झाली हे ओळखायचं कसं? थर्मामीटर घ्या, एवढंच मनापासून सांगेन. छातीच्या सर्वांत जाड भागात आणि मांडी जिथे शरीराला जोडते त्या खोबणीत टोचायचा, टोक हाडाला टेकू द्यायचं नाही. हाडापाशी आकडा फसवा येतो. सुरक्षिततेसाठी मांस सगळीकडे ७४ अंशांपर्यंत पोचायला हवं. छातीत ७२ दिसले आणि मांडीत ८० च्या आसपास की मी बाहेर काढते. बाहेर ठेवल्यावरही आतलं तापमान दोन-चार अंश चढतं आणि छाती ७४ ला येते. ते पुन्हा टोचून खात्री करून घ्या. आला नाही आकडा तर पाच मिनिटं परत आत. मांडीला ८० का, तर तिच्यात संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे, जास्त असतात. ७४ ला ती खाण्याजोगी असते पण चावायला चिवट. आणखी तापली की त्या ऊती विरघळून जिलेटिन होतं आणि मांस हाडापासून सुटायला लागतं. छातीत त्या फारशा नसतात, म्हणून तिला जास्त तापवून फक्त कोरडेपणा मिळतो.

थर्मामीटर नसेल तर तंगडीचं टोक धरून हलवा. ती सांध्यात सैल फिरली आणि खोबणीत टोचल्यावर रस स्वच्छ आला तर बहुधा झालेली असते. पण ही खूण आहे, खात्री नाही. तुमच्या कोंबडीत हाडापाशी दिसलेला गुलाबीपणाही तसाच. कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात, मज्जेतला रंग आजूबाजूच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही गुलाबी दिसू शकतं. उलट अर्धवट शिजलेलं मांस पांढरं दिसू शकतं. रंगावर भरवसा नको.

कोंबडी कांद्यांवरून उचलताना आधी ट्रेवरच थोडी उभी कलती करा, म्हणजे पोकळीत साठलेला रस ट्रेमध्ये पडेल. मग पाटावर ठेवून १५-२० मिनिटं सोडून द्या. फॉइलने घट्ट झाकू नका. तासभर खपून जी कातडी कोरडी केली ती वाफेने पाच मिनिटांत मऊ पडते.

या पंधरा-वीस मिनिटांत खूप काही होतं. कोंबडी उचलल्यावर खालचे फिकट कांदे उघडे पडलेले असतात. ओव्हन परत २२० करा, ते कांदे आणि फळं ट्रेमध्ये पसरून आठ-दहा मिनिटं पुन्हा आत ढकला. आता वर कोंबडी नाही, वाफ नाही, सगळ्याला भराभर रंग येतो. फळं आधीच गाळण झाली असतील तर त्यांना काढून फक्त कांदेच ठेवा.

मग फळं-कांदे ताटात काढा आणि ट्रे शेगडीवर मध्यम आचेवर. एक कप स्टॉक ओता आणि लाकडी उलथन्याने बुडाला चिकटलेला तपकिरी थर खरवडून सोडवा. सगळी चव त्या थरात आहे. दोन-तीन मऊ कांद्याचे तुकडे आणि सफरचंदाची एक फोड त्यातच चेचा, सॉस त्यानेच दाट होतो, मैदा लागत नाही. भिजवलेली सुकी फळं घाला. नीट उकळी येऊन निम्मं आटलं पाहिजे. पोकळीतला रस यात आहे, त्यामुळे नुसतं कोमट करून चालणार नाही. शेवटी एक-दोन चमचे व्हिनेगर. फळांचा गोडवा मोकळा सोडला तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो, आंबटपणा त्याला आवर घालतो. आच बंद करून गार लोण्याचा एक खडा फिरवून घाला. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. कोंबडीच्या रसात आधीच मीठ असतं आणि आटल्यावर ते वाढतं. पाटावर कोंबडीतून सुटलेला रसही यात ओता.

कातडी काढलेलीच अख्खी कोंबडी हाताशी असेल तर कृती थोडी बदलते. कुरकुरीतपणाचा हट्ट सोडा आणि छाती वाचवण्याकडे लक्ष द्या. मीठ तसंच, पण फ्रिजमध्ये झाकून ठेवा, नाहीतर मांसाचा वरचा थर सुकून कडक होतो. लोणी किंवा तेलाचा जाड हात द्या, छातीवर तेल लावलेला बटर पेपर आणि त्यावर फॉइल टाका, आच १९० वरच ठेवा आणि शेवटच्या वीस मिनिटांत आवरण काढा. इथे मात्र दर दहा मिनिटांनी चरबी वरून घालायला हरकत नाही, वाटीत काढलेली तीच वापरा. फळांच्या वेळा तशाच. उलट अशा कोंबडीला फळांच्या रसाचा सॉस जास्त शोभतो.

लहान ओव्हनमध्ये वरची सळई छातीच्या अगदी जवळ येते. ट्रे सर्वांत खालच्या खणात ठेवा आणि छातीला हवा तो रंग आला की तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा टाका. तरीही अख्खी कोंबडी अडचणीची वाटली तर पाठीचा कणा कात्रीने कापून काढा, छातीवर तळहाताने दाबून ती सपाट पसरा आणि कांद्यांवर तशीच ठेवा. २२० अंशांवर ४५-५० मिनिटांत होते. अशा वेळी घट्ट फळं दहाव्या-पंधराव्या मिनिटाला आणि मऊ फळं तिसाव्या मिनिटाला जातील. पोकळीच नसल्यामुळे लिंबू-तमालपत्र कांद्यांखाली खोचायचं.

कापताना आधी तंगड्या मांडीसकट सांध्यातून सुट्या करा, मग छातीचे दोन्ही भाग मधल्या हाडाच्या कडेने सुरी फिरवून अख्खे उतरवा आणि आडव्या जाड चकत्या करा. प्रत्येक चकतीला कातडीची पट्टी राहिली पाहिजे. फळं आणि कांदे खाली पसरा, मांस वर, सॉस कडेने. कातडीवर ओतू नका.

उरलेलं मांस हाडावरून काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकतं. हाडांचा सांगाडा आणि ट्रेमधले फार काळे न पडलेले कांदे पाण्यात घालून मंद आचेवर दोन-तीन तास ठेवले की पुढच्या वेळच्या सॉसचा स्टॉक तयार. त्यात उरलेली फळं घालू नका, स्टॉक गोड होतो आणि मग सूपला चालत नाही. ती फळं बारीक चिरून गार मांस, थोडी मोहरी आणि व्हिनेगरबरोबर पावात भरा.